कसर

दोन मीटर वीस.
मेन रोडच्या दुकानात मी उभं राहून मोजून घेतलं,
राखाडी, अंगात बारीक निळी रेघ,
गेल्याच्या गेल्या दसऱ्याला.
दुकानदार म्हणाला, शिवायला कुणाकडे टाकणार?
म्हटलं, आहे एक जण.

मशीन त्याच्या आधीच आलेलं.
देवळाली कॅम्पातल्या एका सुभेदाराची बदली निघाली,
त्याच्या बायकोनं पायमशीन विकलं
आणि वर एक डबा फुकट दिला:
बॉबिनी, टाचण्या, झिजलेली खडूची वडी.
"भाईसाब, डरना मत," म्हणाली.
मी हसलो. बत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये काढलेला माणूस
सुईला भितो की काय?

भितो.
बत्तीस वर्षं मी शाईचा ठिपका शोधला,
हललेली रेघ, सरकलेला आकडा.
कागद उजेडात धरायचा,
खोट दिसली की बाजूला.
बाजूला गेलेला कागद परत येत नाही.
हे हाताला इतकं पाठ झालंय
की कात्री उघडली की
मला आधी नापास झालेला सदरा दिसतो
आणि कात्री मिटते.

सबबी मात्र सुबक शिवल्या.
पट्टा सैल आहे.
तेल संपलंय, आणि जेल रोडला मिळतं ते नको.
पितृपक्षात नवं कापड कापू नये.
आज मळभ आहे, खडूची रेघ दिसायची नाही.
आधी भिजवून घ्यावं, आटतं.
भिजवलं, वाळवलं, इस्त्री केली,
खुणा केल्या, छाती, गळा, मुंढा,
घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिलं.
महिन्याभरात खुणा पुसट. पुन्हा केल्या.
असं चार वेळा.
शालन म्हणाली,
त्या कापडात सुतापेक्षा खडू जास्त झालाय.

परवा पारा आठावर उतरला,
शाल काढायला ट्रंक उघडली.
घडीच्या मधोमध, डाव्या छातीवर,
मुगाएवढं भोक. खाली दुसरं.
कसर.

मी हात लावला नव्हता.
कात्री नाही, एक टाका नाही,
आणि कापड नापास.

खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, सवयीनं.
भोकातून समोरच्या गच्चीवर
मांजा गुंडाळणारं पोर दिसलं.
हसू आलं,
मग राग आला,
मग कात्री कुठे ठेवलीय ते आठवलं.

कर्रर्र.
मुंढा जास्त खोल गेला.
गेला.
उजवी बाही उलटी लागली, उसवली.
डावी सरळ लागली, पण चुण्यांची.
कॉलर तीनदा.
रात्री दहाला शालननं बाहेर येऊन पाहिलं
आणि न बोलता दिवा माझ्याकडे वळवून गेली.

प्रेसमध्ये उसवणं नव्हतं.
इथे दोरा ओढला की कापड पुन्हा कापड होतं.
टाक्यांची भोकं राहतात बारीक,
नखानं घासली की निम्मी बुजतात.
निम्मी नाही बुजत.

कसरीवर खिसा लावला.
तो जरा खालीच आला,
पेन काढायला पोटाकडे हात न्यावा लागतो.

बुधवारी तोच घालून गोदेकाठच्या बाजारात गेलो.
शालन दोन पावलं मागून,
ओळख नसल्यासारखी.
मखमलाबादच्या मेथीवालीनं दहाची नोट परत दिली,
मधोमध फाटलेली, चिकटपट्टी मारलेली, घामट.
मी ती उन्हात धरली.
"चालंल का ओ?" तिनं विचारलं,
बदलून द्यायला हात अर्धा पुढे.
कोरी होती तेव्हा माझ्याच हातून गेली असेल,
कुणी सांगावं.

चालेल, म्हटलं,
आणि ठेवायला हात वर नेला, नेहमीच्या जागी.
खिसा तिथे नव्हता.
खाली होता.