हेर पांचाळ

खडकवासल्याच्या अलीकडं, पत्र्याच्या लांब शेडमध्ये
नव्वद मीटर पाणी बांधून ठेवलं होतं.
समुद्र काही पुण्याला यायचा नाही, म्हणून त्याचा नमुना.
त्या पाण्यावर साहेब आला चौसष्ट साली,
प्रोफेसर ओल्ट्रोग्गे, डाव्या हाताला तीन बोटं,
आणि मला म्हणाला, हेर पांचाळ.
ऑफिसात आठवडाभर हसणं:
कुणाचा हेर रे तू, बाबू?

मी सुतार. दारं, पाट, एकदा तबल्याचं खोड.
होडीसुद्धा केली नव्हती कधी.
त्यानं मेण वितळवायला लावलं,
साच्यातून निघालेलं धूड रंध्यानं तासायला.
पट्टी नको म्हणायचा. डोळे मीट, हात फिरव,
जिथं हात अडेल तिथं पाणीही अडेल.

गाडा जहाजाला ओढत न्यायचा, काटा ताण लिहायचा,
आणि मग काहीच नाही.
वीस मिनिटं.
मागच्या फेरीच्या लाटा पाण्याच्या अंगात असतात,
दिसल्या नाहीत तरी.
त्या जिरेपर्यंत पुढचा आकडा खोटा.

तसल्या वीस-वीस मिनिटांत मी त्याची सगळी नोकरी ऐकली.
चौदाव्या वर्षी गोदीत,
तापलेले रिव्हेट चिमट्यानं झेलायचा, दोन बोटं तिथंच राहिली;
रात्रशाळा;
लढाई, तिच्यापाशी आला की खिडकीबाहेर बघायचा;
मग डॉक्टर, मग फळा आणि पोरं.

एकदा आमच्याकडं जेवला, नारायण पेठेत.
अळूचं फदफदं चमच्यानं खाल्लं, दोनदा मागून.
भिंतीवर पानशेतची रेघ होती,
तीन वर्षं झाली तरी तिथं चुना धरत नव्हता.
त्यानं हात उंच करून तिच्यावर तळवा ठेवला.
म्हणाला, जहाजावर अशीच रेघ मारतो आम्ही.
पण आधी.

दिवाळीच्या सुट्टीत त्यानं मला एकट्याला बोलावलं.
यादीत नसलेलं जहाज. कागद पिवळा, घड्यांवर फाटलेला.
धान्य नेणारं, त्याच्या हातचं दुसरंच.
मी तासलं. हात कुठंच अडला नाही,
तसं सांगितलंही त्याला.
लाटयंत्र सुरू केलं.
सातव्या लाटेला ते कुशीवर झालं,
म्हैस डुंबायला बसते तसं, सावकाश,
आणि परत उठलं नाही.

अकरा माणसं, म्हणाला.
वहीत काही लिहिलं नाही.
त्या दिवशी पाणी केव्हाच निवळलं तरी आम्ही बसून होतो.
मग म्हणाला, वितळव.
मेण कुणी टाकून देत नाही.
पुढच्या तिन्ही जहाजांत ते होतं.

परवा काळ्या किनारीचं कार्ड आलं.
नात जर्मनच्या क्लासला जाते, तिनं वाचून दाखवलं:
गोदी, विद्यापीठ, पदकं, निवृत्ती,
मध्येच अर्धी ओळ, पूना, दोन वर्षं.
जहाजांची नावं सत्तावीस. बोटं धरून मोजली मी.
त्यात ते कुठलं, हे काही विचारलं नाही.
तिनं कार्ड उलटंही करून पाहिलं.
आता काय करायचं, आबा?
म्हटलं, बस इथं.
वीस मिनिटं.