गुडविल: अकरा हजार

करारात सगळं लिहिलंय.
खाटा चौदा, गाद्या चौदा, त्यातल्या तीन नव्या,
फ्रिज नऊ, तळणीचं मशीन एक,
बर्फ लोटायचा ट्रॅक्टर, चालू असल्याचं विकणाऱ्याचं म्हणणं,
आणि सर्वांत खाली, पार्किंगमधल्या बाकड्यांच्याही खाली,
गुडविल: अकरा हजार डॉलर.

वकिलाला विचारलं, हे कुठे ठेवलेलं असतं?
तो हसला. मी हसले नाही.
रेजायनाच्या इस्पितळात रात्रपाळीला चादरी धुतल्या,
त्यातल्या चार वर्षांची शिल्लक आहे ती.

ऑर्व्हिल वासिलिक किल्ल्या देताना म्हणाला,
नऊ नंबरला गरम पाणी यायला चार मिनिटं लागतात,
घाईतल्या माणसाला ती खोली देऊ नकोस.
अकराचा हीटर बोलतो.
लहान मुलं घाबरतात, म्हातारी माणसं त्याला उत्तर देतात.
गुरुवारी बिटाचं सूप. ते बदलू नकोस,
निदान पहिला हिवाळा.
त्याची बायको ओल्हा गाडीत बसून होती, इंजिन चालू.
एकदाही मागे वळली नाही.
आरसा मात्र वळवून घेतला होता.

पहिली रात्र. उणे एकतीस.
तेरा खोल्या रिकाम्या, चौदावीत मी.
पावणेतीनला घंटा वाजली.
ट्रकवाला, मिशीला बर्फ. "ऑर्व्हिल कुठाय?"
म्हटलं, आता मी आहे.
रस्ता बंद असल्याची पाटी वाचावी तसं त्याने मला वाचलं
आणि नऊ नंबर मागितली.
"पाणी तापेपर्यंत माझे बूट निघतात."

साडेपाचला धान्याच्या कोठारावरची माणसं आली.
भिंतीला खिळे, खिळ्यांना मग,
मगांवर नेलपॉलिशने नावं:
लॉयल, अँटन, डेल्फीन, धाकटा बर्ट, वय एकाहत्तर.
मी ज्याचा मग त्याला दिला नाही.
कुणी बोललं नाही. मी पाठ फिरवल्यावर
टेबलावर हळूच अदलाबदल झाली.
"कॉफी पातळ झालीय," धाकटा बर्ट म्हणाला.
तीच पूड, तेच भांडं, तेच विहिरीचं लोखंडाच्या चवीचं पाणी.
"झाली असेल," मी म्हटलं.

तीन आठवडे पातळच होती.

चौथ्या मंगळवारी वासिलिक नवरा-बायको आले.
काउंटरच्या या बाजूला ऑर्व्हिल एकतीस वर्षांत बसला नव्हता.
कोपरं टेकली, उचलली.
मेनू हातात घेतला, स्वतःच लिहिलेला, उलटा.
लॉयलचा मग संपताच उठला, भांडं उचललं,
आणि अर्ध्या वाटेत त्याला आठवलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे.

मी भांडं घेतलं.
ओढून नाही. झोप लागलेल्या माणसाच्या
हातातून चष्मा काढतात ना, तसं.
"बसा, ऑर्व्हिल. अंडी कशी हवीत?"
त्याला सांगता येईना.
जन्मभर दुसऱ्यांनाच विचारलेलं.
"दोन्ही बाजूंनी," ओल्हा म्हणाली.
"पिवळं फुटलं तर त्याला सांगू नकोस."

बिल पाहून दचकला. "साडेनऊ? हा दर कुणी लावला?"
"तुम्हीच."
"मी तेव्हाच म्हटलं होतं, लूट आहे," धाकटा बर्ट म्हणाला,
आणि मान वर न करता मग पुढे सरकवला.
"कॉफी."
पुढचा शब्द आलाच नाही.
मी ओतली.

दुपारी एक खिळा ठोकायचा म्हणून
हातोडी शोधत बसले.
करारातल्या यादीत ती नव्हती.