अर्धा इंच

आडगाव नाक्याच्या पुढे, ट्रक टर्मिनसच्या भिंतीला लागून
खैरनार मिस्त्रींचा खड्डा आहे.
त्यात उतरलं की आभाळ संपतं,
पिकअपचं पोट सुरू होतं.

गाडी ढिकल्यांची, दिंडोरीची. कोथिंबीर वाहते.
तिसरा गिअर पडायचा नाही,
पडला तर रडायचा.
मालेगावहून दुसरा बॉक्स आलाय, रॉकेलने धुतलेला,
गोणपाटावर पडलाय पाहुण्यासारखा.

मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ते वर, स्टुलावर.
हात आता माझे.
"वैजू, फ्लायव्हीलला बोट लागलं का?"
लागलं.
"पूस."
पुसलं.
"परत पूस. तेलकट बोट क्लच विसरत नाही."

क्लचप्लेटला दोन तोंडं.
भलतं तोंड इंजिनकडे केलं
तरी ती निमूट बसते,
आणि सगळं चढवून, सगळं आवळून,
हात धुऊन चहा घेतल्यावर सांगते.
मला सांगितलं होतं, पहिल्याच महिन्यात.
अडीच दिवस गेले. मिस्त्रींनी पगार कापला नाही.
तेच जास्त लागलं.

सातपूरच्या आयटीआयत चौतीस पोरांत मी एकटी.
तिथला कापलेला गिअरबॉक्स निळा-पिवळा रंगवलेला,
दात न् दात स्वच्छ.
तो कधी कुठल्या गाडीला चढलाच नव्हता,
त्यामुळे त्याचं काही चुकलंही नव्हतं.

प्लेट मधोमध धरली. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट
समोरासमोर, थोडे थोडे.
रिलीज बेअरिंगची क्लिप दोनदा चाचपली.
मग जॅकवर बॉक्स, माझ्या छातीपाशी,
डावीकडे जरा, वर जरा,
गेला, गेला,
थांबला.

अर्धा इंच.

ढिकले वरून वाकले : "बोल्ट आवळा ना ताई,
येईल ओढला आपोआप."
बोल्ट हातात होता. सतराचा पानाही.
ओढला गेलाही असता.
आणि कान तुटला असता हाउसिंगचा,
सुपारी फुटावी तसा आवाज होतो,
एकदाच ऐकलाय, पुरे आहे.
मिस्त्रींनी बिडी विझवली. बोलले नाहीत.

बॉक्स खाली घेतला.
प्लेट केसभर उतरली होती. ती सापडली.
पण इंजिनच्या कडेने फिरता फिरता बोट
एका भोकात गेलं, मग दुसऱ्या.
दोन्ही रिकामी.
डॉवेल पिना जुन्या बॉक्ससोबत गेलेल्या.
आणि जुना बॉक्स भंगारवाल्याच्या टेम्पोत गेलेला,
दहा वाजता, मीच हात लावला होता उचलायला.

मिस्त्रींची लुना. द्वारका, मुंबई नाका, पार अंबड लिंक रोड.
मुश्ताकभाईंच्या काट्यावर तो होताच,
एक्केचाळीस किलो.
पक्कड लावली, पिना काढल्या,
अंगठ्याच्या पेराएवढ्या दोन.
"आता वजन कमी झालं ना," ते म्हणाले.
पुन्हा तोलला.
एक्केचाळीस.

परतल्यावर बॉक्स हातानेच आत गेला.
पान्याला काही विचारावंच लागलं नाही.
लांब बोल्ट वर, आखूड स्टार्टरच्या बाजूला.
मिस्त्रींनी गाडीची चावी खिशात ठेवली
तेल भरून होईपर्यंत.
त्यांच्या कपाटात एक बेअरिंग आहे, जळून निळं पडलेलं,
कसारा घाटातलं. त्याबद्दल विचारायचं नसतं.

ढिकले हायवेला चक्कर मारून आले.
"तिसरा गप्प आहे," म्हणाले, आणि हसले.
पैसे मोजायला लागले.

ताटलीत एक वायसर उरला होता.
"उरतोच एखादा," ढिकले म्हणाले.

मी बॅटरी घेतली
आणि परत खड्ड्यात उतरले.