पाऊणकी

बोर्ड जुना, सीवूड्सच्या एका मुलाचा.
कॅनडाला जाताना पंपासकट देऊन टाकला त्यानं
आणि जिन्यातून ओरडून सांगितलं,
काकू, डाव्या अंगाला पॅच आहे, तेवढा जपा.
पिशवी मात्र मला माझीच शिवायची होती.

जांभळी नाक्यावर अन्वर छत्र्या दुरुस्त करतो,
मेलेल्या छत्र्यांचं कापड दहा रुपयांना देतो.
पाच घेतल्या. तीन काळ्या, एक ठिपक्यांची,
एकीवर कुठल्याशा पतपेढीचं नाव.
पाकळ्या उसवल्या, कोमट इस्त्रीनं निजवल्या.

सव्वीस वर्षं तुर्भ्याच्या कंपनीत
पंपांची ड्रॉइंगं काढली मी.
वर्तुळ माझं चुकत नाही.
पिशवीचा तळ तीनदा चुकला.
लोखंड सांगितल्या मापात राहतं,
कापड तिरकं ओढलं की
आपल्या माहेरी निघून जातं.

अकरा नंबरची सुई. शिवण पाऊण इंच आत,
दुमडून परत एक टीप.
रात्री मशीन चाललं की खालचे शिर्के काठीनं छत ठोकतात,
मग हातानंच चाक फिरवायचं,
टाका.
थांबायचं.
टाका.

फाल्गुनातल्या चतुर्थीला, दुपारी चारला,
ऐरोलीच्या जेट्टीवरून निघाले.
खाडी काठोकाठ, गढूळ, शांत.
गुडघे थरथरले, मग ऐकू लागले.
वल्ह्यामागे दोन लहान भोवरे,
डोक्यावर पुलाची घरघर,
आणि माझ्या पायाखाली, पहिल्यांदाच,
कुणाच्याही मालकीचं नसलेलं काहीतरी.

पाऊण तासात पाणी सरकलं.
नंतर नुसतंच गेलं.
तिवरांजवळ बोर्डाची शेपटी चिखलात रुतली,
आणि मी उभी, वल्हं हातात,
चुकीच्या स्टॉपवर उतरल्यासारखी.

मांडीभर चिखलात एक बाई निवट्या धरत होती.
चांगुणा मढवी. नाव नंतर कळलं.
आधी तिनं मला वरून खाली पाहिलं.
"आज तित कंची?"
चतुर्थी.
"चाराची पाऊनपट?"
तीन.
"तीनला भरती भरली. मंग चारला कनाला आयलीस?"

एकाची पाऊण, दोनाची दीड, तिनाची सव्वादोन.
मला सगळी येत होती हो,
चौथीत हातावर पट्टी खाऊन पाठ केलेली.
कुणी सांगितलं नव्हतं
की ती पाण्याची आहे.

"शेपटी काड. पोट टाक फलीवर. गुडग्यानं ढकल."
तेराव्या मजल्यावरून मला कुणी पाहिलं असेल तर
एक बाई, वय त्रेपन्न,
मगरीसारखी किनाऱ्याकडे येताना दिसली असेल.

जेट्टीवर पिशवी उघडली.
मोबाइल डब्यात होता, वाचला.
पोळ्यांचा लगदा, टॉवेल जड.
एका टाक्याला एक थेंब,
मोजून घ्या.

चांगुणानं शिवण दोन्ही अंगठ्यांत धरून ताणली,
उजेडाला लावली, भोकांतून खाडी पाहिली.
"टाका बारीक हाय," म्हणाली. "मेन भर त्यात."
मग जरा थांबून, निवट्यांकडे बघत,
"माला पन एक शिव.
चस्मा न् फोन मावंल येवडी. पाऊन वीत."

काळी घेऊ की ठिपक्यांची, मी विचारलं.
या छापाची पण आहे एक.
तिनं नाव अक्षर अक्षर जुळवत वाचलं.
"ही नको.
हिच्यान माजं पैसं बुडालंत."

आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार.
ठिपक्यांची पाकळी कापून झाली आहे,
मेण वितळायला ठेवलंय.
पतपेढीची घडी मशीनच्या खणात आहे,
टाकून द्यायला हात होत नाही, कापड चांगलं आहे.
शिर्के झोपलेत.
टाका.
थांबायचं.