हल

या शहराचं नावच हल.
आज्ञार्थी, एकवचनी.
पहिल्यांदा गाडीतून उतरताना
उन्मेष म्हणाला, बघ, सामान खाली ठेवायच्या आधीच
निघायला सांगतायत.
चार वर्षं आम्ही हा विनोद वापरला,
येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर दिला.

जानेवारीत त्याच्या कंपनीने शटर ओढलं.
व्हिसाचे साठ दिवस, त्यातले अकरा संपले.
मी त्याच्याच व्हिसावर,
एक्स-रे खात्यातली मदतनीस,
माझं काम कुठल्या यादीत बसत नाही.

तर आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर
देशांची स्थळं.

गॅसच्या बिलामागे त्याने रकाने आखलेत:
थंडी, शाळा, कर, भाषा,
डॉक्टर भेटायला लागणारे दिवस.
कॅनडा घरंदाज, पण वयाचं बघतात,
चाळिशी जवळ आली की गुण कापतात.
जर्मनी निर्व्यसनी, वक्तशीर.
आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी,
आपल्यासारखंच की, मी म्हटलं.
तेवढ्यावर संसार होत नाही, तो म्हणाला.
न्यूझीलंड नाकीडोळी नीटस,
पण माहेरापासून फार लांब.
दुबईला हुंडा नको, कर नको;
नांदवतील छान,
ठेवून मात्र घेणार नाहीत.
भारत यादीत नाही.
माहेराला कोण गुण देतं?

रात्री साडेअकराला बेरीज करून
छत्तीसपैकी साडेएकवीस.
आणि तेव्हा कुठे लक्षात येतं
की पोहे आपणच केलेत,
ट्रे आपल्याच हातात आहे,
आणि चालून दाखवायचंय तेही आपणच.
तिकडून पत्र येईल, सभ्य भाषेत,
पत्रिका जुळत नाही म्हणून.

शेजारच्या डोरीनला मी विचारलं.
चौऱ्याऐंशीची आहे, याच गल्लीत जन्मलेली.
चौसष्ट साली तिचं ऑस्ट्रेलिया ठरलं होतं,
दहा पौंडांत बोटीचं तिकीट, सरकारी योजना.
पेटी भरली, पडदेसुद्धा देऊन टाकले.
आदल्या रविवारी नवऱ्याने रग्बीत पाय मोडला.
बोट गेली. पाय जुळला.
पुन्हा कुणी विषय काढला नाही.
पेटी अजून माळ्यावर आहे,
नाताळच्या माळा असतात तिच्यात.
वाईट वाटतं का कधी? मी विचारलं.
डोरीन जरा थांबली.
मंगळवारी कचरा तिथेही काढावा लागलाच असता, म्हणाली,
आणि तेवढी बादली आत घेतेस का, गुडघा दुखतोय.

जुईला अजून सांगितलं नाही.
ती फोनला फर्न म्हणते, नोला नर,
अस्सल इथल्या गोदीतल्यासारखं.
आम्ही हसतो, ती चिडते.
जिथे जाऊ तिथे
दोन महिन्यांत पुसला जाईल तो उच्चार.
त्याचा रकाना
त्या बिलावर मला सापडला नाही.

सकाळी कामावर.
पहिलाच एक म्हातारा, जुना मच्छीमार,
उघड्या छातीला प्लेट गार लागते म्हणून शहारणारा.
मी त्याचे खांदे पुढे आणते,
हनुवटी वर ठेवते,
आणि काचेमागे जाऊन म्हणते,
दिवसातून साठ वेळा म्हणते तसंच:
श्वास घ्या.
धरून ठेवा.
हलू नका.

बटण दाबून झाल्यावर
सोडा म्हणायचं असतं.
आज मला उशीर झाला.
म्हातारा तसाच उभा,
छाती भरलेली, डोळे भिंतीवर,
माझ्या परवानगीची वाट बघत.