पावलांशिवाय आलेली फाइल

नॉर्वेहून फाइल आली ती पावलांशिवाय.
चित्र होतं, माणसांचे ओरडे होते,
बर्फावरून घरंगळलेल्या कॅमेऱ्याची खरखरसुद्धा.
फक्त तो चालायचा तेव्हा शांतता.
गोठोस्कर म्हणाला, ताई, पावलं तुम्ही द्या.
मंगळवारपर्यंत.

गोष्ट अशी, की तीन पोरं आणि एक मुलगी
रानात जातात, परत येत नाहीत,
बर्फ वितळल्यावर सापडतो नुसता कॅमेरा.
आपण बघतो ते सगळं त्याच्या पोटातलं.
शेवटी तो आडवा पडतो. गवत भिंतीसारखं उभं.
त्या गवतातून एक अंगठा येतो
आणि थांबतो.
(अंगठ्यावर शेवाळ. नखात एक अख्खं रोपटं.)

ट्रोलला मराठीत काय म्हणायचं, यात दोन दिवस गेले.
राक्षस म्हटलं की मुकुट दिसतो, गदा दिसते.
वेताळ प्रश्न विचारतो, हा नुसताच भुकेला.
देवचार राखणदार, कोंबडा दिला की ऐकतो.
म्हसोबा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.
शेवटी ट्रोलच ठेवला
आणि त्याच्या तोंडी दिलं आपलं जुनंच,
माणूस घाण, माणूस खाऊ.
मुळात त्याला वास येतो तो बाप्तिस्मा झालेल्या रक्ताचा.
आंबोली गावठाणातला एलायस माइक बांधत होता, हसला,
म्हणाला, मग आज मी आत बसत नाही.

डरकाळी बावकरांची.
सकाळी सिमेंटची जाहिरात करून आले होते,
घसा तोच वापरला.

मी तांदळाचं अर्धं पोतं आपटलं,
ओल्या सतरंजीत गुंडाळून रिकामा सिलिंडर लोटला,
हाडांसाठी कोबीचे चार गड्डे फोडले.
वजन येत होतं, वय येत नव्हतं.
एलायस म्हणाला, मागे तो डोंगर आहे ना.

गिल्बर्ट हिल. स्टुडिओच्या गच्चीवरून दिसते,
काळी, उभी, इमारतींमध्ये खांदे आवळून,
डोक्यावर गावदेवी.
उजेड पडला की ट्रोल दगड होतो,
एवढं मी संहितेत वाचलेलं.
दगड झाल्यावर त्याचं काय होतं ते तिथे लिहिलेलं नाही.
इथे सुरुंग लावतात. खडी करतात.
एलायसच्या बापाने केली, हजेरीवर.
अंधेरीचे कितीतरी रस्ते त्याच्या मांड्यांवरून जातात.

शनिवारी रात्री त्याने पायथ्याशी रेकॉर्डर ठेवला,
जेवणाच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून.
सकाळी मी हेडफोन लावले.
कुत्री. कुणाची तरी टाकी भरून वाहतेय.
एक बाई फोनवर, नाही, तू आधी जेवलास का ते सांग.
रिक्षा. परत कुत्री.
मग कुत्री एकदम गप्प.
तीन वाजून दहा मिनिटांनी
कुणीतरी हुंगलं.

एलायस म्हणाला, कुत्रा.
मीही म्हणाले, कुत्रा.
पण अकरा सेकंद एकच श्वास आत ओढणारं कुत्रं
मला माहीत नाही.
आणि तो सोडलेला नाही.
फाइल संपेपर्यंत ऐकलं. कावळे आले, उजाडलं,
वर देवळातली घंटा वाजली.
सोडलेला नाही.

अंगठा थांबतो तिथे तो बसवला.
पाऊल नकोच होतं त्या जागी.
गोठोस्कर खूश. कुठून आणलात हो?
मी आवाजांच्या तक्त्यात रकाना भरला,
श्वास, स्थानिक.

एलायसला म्हटलं, उद्या मासवरून येताना
जरा लांबच्या रस्त्याने ये.
तो वायर गुंडाळत होता. म्हणाला,
लांबचा रस्ताही त्याचाच आहे, ताई.