पासंग

थाळनेरला उतरलो तेव्हा एसटीत मी एकटाच.
शिरपूरनंतर कंडक्टरही पेंगत होता.
पिशवीत शिक्का, हातोडी, पितळी प्रमाणवजनं
आणि यादी : नोंदलेले काटे अकरा.

दहा बॅटरीवरचे.
हिरवे आकडे, तासाभरात उरकले.
अकरावा ताहेरभाई मशरूवाल्यांचा,
किल्ल्याच्या ढासळत्या कडेखाली,
नदीकडे तोंड केलेल्या दुकानात.
दुकानात माल नाही.
एक बाकडं, रिकामी बाचकी,
आणि आढ्याला टांगलेला माणसाएवढा तराजू.

"सुरतेची वाट हीच," ते म्हणाले,
जणू ती आत्ताच इथून उठून गेली.
"बऱ्हाणपूरहून तांडे यायचे, बैल इथं पाणी प्यायचे.
आजोबांचे चुलते कापडाच्या गठ्ठ्यांमागं निघाले
ते गलबतात बसून आफ्रिकेत, लामूला पोचले.
तिथंही म्हणे असंच गाव, खाडीकाठी.
गल्लीत गाढवं, दुपारी कोणी नाही.
सांगायचे, इतकं लांब गेलो
आणि थाळनेरलाच उतरलो."

परतताना आणलं काय, तर एक कवडी.
ती वजनाच्या पारड्याला दोऱ्यानं बांधलेली,
तेलकट, म्हाताऱ्या दाताच्या रंगाची.

नियम सांगतो, पासंग चालत नाही.
मी दोरा सोडला.
मालाचं पारडं किंचित खाली गेलं,
कुरकुरलं, तिथंच राहिलं.
"बघा," ताहेरभाई म्हणाले, "ही नसती
तर चार पिढ्या गिऱ्हाईक कवडीकवडीनं बुडलं असतं."

बाहेर जाळं वाळवणारा धुडकू भोई डोकावला :
"काय मोजी राह्यनात, साहेब?
आठे ते काहीच नही."

नोंदवहीत लिहिलं : वापरात नाही. शिक्का नाकारला.
त्यांनी चष्मा लावून वाचलं.
"फी तरी घ्या. दर वर्षी देतो."
मग जरा थांबून,
"वापरात नाही, पण खरा आहे,
असं लिहायला जागा आहे का?"

रकाना तेवढा रुंद नव्हता.

कवडी मीच परत बांधायला घेतली.
गाठ बसेना.
भाईंनी बोट ओलं करून दोरा वळून दिला.

परतीची गाडी पाचला.
तोवर काठावर बसलो.
घुमटांवर पोपट, पलीकडे
केळीचे घड भरणारा एक ट्रक,
माणसं ओरडत असावीत, ऐकू येत नव्हतं.
तापी पश्चिमेला चालली होती,
तिच्या अंगावर एकही होडी नाही.

कंडक्टरनं पिशवी पायानं ढकलून पाहिली.
"जड आहे. किती किलो?"
"असेल वीसेक," मी म्हणालो,
"अंदाजे."